पावणेअकराचा रामजन्म

तीन वर्षांपूर्वी राम सव्वाबाराला जन्मला. त्याच्या पुढच्या वर्षी बारा चाळीसला. आणि गेल्या वर्षी, भर चैत्रात, बालाजी घाटावरच्या गल्लीत दुपारचा एक वाजून वीस मिनिटं झालेली असताना, उपाशीपोटी बसलेल्या साठ माणसांसमोर कौसल्येची एकदाची सुटका झाली. मध्ये कीर्तन सांगताना अण्णांनी तिन्ही राण्यांना पायस दोनदा वाटलं होतं. यज्ञातून वर आलेला पुरुष निरोप घेऊन गेलेला, त्याला पुन्हा बोलावलं. तबल्यावरचे काशीनाथ तेवढ्यात उठून केळं खाऊन आले. परत आले तरी गोष्ट होती तिथेच होती.

हे सगळं शरदने एका कागदावर वेळांसकट लिहून आणलं होतं. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

"दोन मिनिटं इकडेतिकडे झाली असतील," अण्णा म्हणाले.

"ऐंशी मिनिटं, अण्णा."

"रामाची तक्रार आली का?"

"लोकांची येते."

"मग लोकांच्या जन्माला वेळेवर येईन. रामाचं माझं मी बघतो."

सप्तमीची दुपार होती. परवा नवमी. सगळं घर कूलरसमोर बसलं होतं आणि कूलर फक्त अण्णांकडे तोंड करून होता, कारण तो त्यांनीच तसा वळवून ठेवला होता. शरदचे वडील; ढुंढिराज हे त्यांचं नाव, वय चौऱ्याऐंशी. गल्लीतल्या राममंदिरात नवमीचं कीर्तन या घराकडे पाच पिढ्या होतं, आणि त्यांतल्या शेवटच्या पिढीने अठ्ठावन्न वर्षं ते कोणाला हात लावू दिलं नव्हतं.

शरदची थोरली बहीण अन्नपूर्णा खास या विषयासाठी इंदूरहून आली होती. स्टेशनवरून येताना ई-रिक्षात ती पूर्णपणे शरदच्या बाजूने होती. अण्णांच्या पाया पडून उठली ती त्यांच्या बाजूने.

"पण आवाज बघ ना रे अजून अण्णांचा," ती म्हणाली. "ऐकतच राहावं."

"तेच तर करावं लागतं ताई," इंदू म्हणाली. इंदू शरदची बायको. प्रसादाचा सुंठवडा दरवर्षी ती करायची. "मागच्या साली सुंठवडा डब्यात बसून ओला झाला. वाटीने कापून द्यावा लागला मला."

"हो, ते मात्र बरोबर नाही हं अण्णा," अन्नपूर्णा म्हणाली आणि पुन्हा इकडे आली.

"माणसाने वेळेवर थांबावं, एवढंच म्हणणं आहे," शरद म्हणाला.

"थांबतो की. पूर्वरंग संपला की थांबतो, पाणी पितो."

"तसं नाही. सगळ्यातूनच. पुढच्या माणसाला जागा द्यावी."

पुढचा माणूस म्हणजे शरद. हे त्याला वेगळं सांगावं लागायचं नाही, कारण तीस वर्षं तो ते सांगतच होता. अण्णांना एकदा न्यूमोनिया झाला होता, तेव्हा ते खाटेवरून म्हणाले होते, 'पुढच्या वर्षी तू.' शरदने त्याच आठवड्यात चौकातून केशरी फेटा आणला. अण्णा बरे झाले. फेटा कपाटात गेला. दर नवमीच्या आधी शरद त्याच्या डांबरगोळ्या बदलत असे.

जमिनीवर बसून मुक्ता टरबूज कापत होती. शरदची मुलगी, सत्तावीस वर्षांची, संगीत शिकवायची, गल्लीतल्या हिंदीत निम्मं बोलायची. सात वर्षं ती अण्णांच्या मागे झांज घेऊन उभी राहत होती, आणि गेल्या वर्षी तिने मागून चरण उचलून दिला नसता तर राम अजून जन्मायचा होता.

"मुक्ता, तू सांग आजोबांना," शरद म्हणाला.

"मुझे बीच में मत डालिए बाबा." तिने एक फोड अण्णांना दिली. "तुम्ही आजोबांना म्हणता थांबा. तुम्ही स्वतः तीस साल से लाईन में खड़े हैं. कुणी विचारलं तुम्हाला, खिडकी उघडी आहे का?"

"माझं ते म्हणणंच नाही!" शरदचा आवाज चढला. "माझं म्हणणं एवढंच, की वेळ पाळता येत नसेल, पायस किती वेळा वाटलं ते आठवत नसेल, तर माणसाने गादीवर उभं राहू नये! लोक हसतात!"

अण्णांनी टरबुजाची बी तोंडातून काढली, बशीच्या कडेला नीट ठेवली.

"हसतात?" त्यांनी मुक्ताला विचारलं.

मुक्ता टरबूज कापत राहिली. तेच उत्तर होतं.

"बरं," अण्णा म्हणाले. "समोरच्या खांबावर घड्याळ लावा. बारा म्हणजे बारा. एक मिनिट जरी चुकलं, तर चिपळ्या खाली ठेवीन. झालं समाधान?"

शरदला वाटलं होतं त्याचं समाधान होईल. तसं काही झालं नाही.

अष्टमीला संध्याकाळी तो मंडपात एकटाच घड्याळ लावायला गेला. घड्याळाच्या डायलवर एका सिमेंट कंपनीचा हत्ती होता. शरद स्टुलावर उभा राहिला आणि त्याला म्हातारा दिसला: उद्या हमखास चुकणार, साठ माणसांदेखत चिपळ्या खाली ठेवणार, आणि लोक त्याची गोष्ट चहाच्या दुकानात महिनाभर सांगणार. चिपळ्या हव्या होत्या, पण अशा नको होत्या. त्याने काटा पंचवीस मिनिटं पुढे केला. अण्णा पंचवीस मिनिटं रेंगाळले तरी राम वेळेवर. स्वतःच्या मनाच्या मोठेपणाने त्याला स्टुलावरच थोडं भरून आलं आणि तो जपून उतरला.

नवमीला सकाळी हारवाल्याने अंत पाहिला. झेंडू आहे, तुळस नाही. तुळस आली, दोरा नाही. शरद हार घेऊन गल्लीत शिरला तेव्हा साडेनऊ झाले होते. कीर्तन दहाला उभं राहायचं, म्हणजे हत्तीच्या घड्याळाने आता नऊ पंचावन्न असणार. वेळेत पोचलो, असं म्हणतो न म्हणतो तोच त्याला चिपळ्या ऐकू आल्या.

मंडपात अकरा माणसं होती; बाकीची दरवर्षी जन्माच्या तोंडावरच यायची. अण्णा पगडी, उपरणं, सगळा साज करून उभे होते आणि पूर्वरंग संपत आला होता. खांबावरच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

शरदने मोबाईल बघितला. नऊ एकतीस. घड्याळ बघितलं. पुन्हा मोबाईल बघितला. मग तो मंडपामागच्या सुंठ कुटण्याच्या खोलीत गेला.

"इंदू, घड्याळाला हात लावलास?"

इंदू मिक्सरचं भांडं पुसत होती. "पहाटे देवाला दिवा लावायला गेले तेव्हा. वीस मिनिटंच केलंय पुढे. अण्णांसाठीच हो. बिचारे सगळ्यांसमोर—"

"मी पंचवीस केलं होतं."

"अगं बाई."

"वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. ते सव्वा तास पुढे आहे. उरलेला अर्धा तास कुणाचा?"

दोघांनी एकदमच दाराकडे बघितलं. दारात अन्नपूर्णा उभी होती.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "मी तुमच्या दोघांच्याही बाजूने नव्हते. मी अण्णांच्या बाजूने केलं."

"आणि ते पावणेनऊला कीर्तनाला उभे राहिले तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही?"

"मला वाटलं, लवकर उभे राहिले तर बरंच," इंदू म्हणाली. "तेवढेच जास्त बोलतील."

"थांबवा मग त्यांना!"

"उभं राहिलेलं कीर्तन थांबवतात होय रे?" अन्नपूर्णाने विचारलं. आणि हे या घरात जन्मलेल्या कोणालाही नाकारता येणार नाही इतकं खरं होतं.

शरद मंडपात येऊन बसला. डोकं शांत ठेवून त्याने आकडे मांडले आणि त्याला धीर आला. अण्णा गेल्या वर्षी ऐंशी मिनिटं लांबले होते. या वर्षी पंच्याहत्तर लांबले तरी राम बरोबर बाराला. अण्णांवर भरवसा ठेवायला हवा. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच शरदने मनापासून प्रार्थना केली, की बापाने विषय सोडून बोलावं.

अण्णांनी विषय सोडला नाही. दशरथाची राजधानी त्यांनी दोन वाक्यांत उरकली. दरवर्षी अयोध्येच्या बाजाराचं वर्णन करता करता ते मुन्शी घाटावरच्या एका नावाड्यावर जात आणि तिथून लंगड्या आंब्यावर. आज ना नावाडी आला ना आंबा. अयोध्येच्या बाजारातून ते असे गेले की जणू दुकानं बंदच आहेत. शरदने खाली बसल्या बसल्या दोन्ही हात दाबून खूण केली: हळू. अण्णांना नजर कमी, पण मुलाचे हात त्यांना नेमके दिसले. त्यांनी ओठ घट्ट केले आणि लय वाढवली. शरदने हात फाकवून दाखवले: लांबवा. अण्णा दुगुनीत गेले. काशीनाथांनी तबल्यावरून शरदकडे असं बघितलं, जसं चालत्या बसमधून माणूस सुटलेल्या चपलेकडे बघतो.

मागे मुक्ता झांज वाजवत होती. तिच्या कपाळावर आठी होती, पण ती अण्णांना काही देत नव्हती. द्यावं लागत नव्हतं. पायस एकदाच वाटलं गेलं. मोजून तीन राण्यांना. एकही चरण पडला नाही. पंधरा वर्षांत अण्णा असे गायले नव्हते, आणि ते ऐकायला अकरा माणसं आणि एक कुत्रं होतं. शरदला रडू येत होतं की राग, ते ठरवायलाही वेळ नव्हता.

हत्तीच्या घड्याळात बाराला एक मिनिट उरलं. अण्णांनी शेवटचा चरण घेतला. आत इंदूने घाबरून मिक्सर लावला. कौसल्येला कळा आल्या त्या सुंठेच्या आवाजात. बाराच्या ठोक्याला अण्णांनी दोन्ही हात वर केले, मुक्ताने फुलं उधळली, कोणीतरी शंख फुंकला आणि सकाळी पावणेअकरा वाजता प्रभू रामचंद्र जन्माला आले.

अण्णांनी पाळण्याची दोरी धरली आणि ते तिथेच थबकले.

त्या गल्लीत ऊन येत नाही. वरच्या झरोक्यातून वर्षभर नुसता उजेड येतो. फक्त रामनवमीच्या आसपास, बाराच्या सुमाराला, हातभर ऊन पाळण्यावर उतरतं आणि पाच मिनिटांत निघून जातं. अण्णांनी दोरी चाचपली, मग पाळण्याची कडा. मग तोंड वर करून झरोक्याकडे बघितलं.

"शरद," ते म्हणाले, "ऊन कुठाय?"

आतला मिक्सर बंद झाला.

"गेली तीन वर्षं ऊन येऊन गेलेलं असायचं," अण्णा म्हणाले. "पाळणा कोमट लागायचा हाताला. कळत होतं मला. आज तर गारच आहे."

मग शरदने सांगितलं. पंचवीस माझी. इंदूने आतून येऊन सांगितलं, वीस माझी. अन्नपूर्णाने थोडा वेळ बघितलं, की दोघांत भागतंय का. नाही भागलं, तेव्हा म्हणाली, "अर्धा तास माझा. पण प्रेमाने."

अण्णांनी घड्याळातल्या हत्तीकडे बघितलं.

"म्हणजे तिघांनी मिळून," ते म्हणाले, "पोर सव्वा तास आधी ओढून काढलंत."

"तुम्ही चुकलाच नाहीत अण्णा," शरद म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ पाळलंत. तुमची काहीच चूक नाही."

"तेच म्हणतोय. मी वेळ पाळली, तरी काय उपयोग झाला?" ते मटकन पाळण्याच्या पायरीवर बसले. "लोक बाराला येतील. त्यांना काय सांगणार, होऊन गेला? पुन्हा उभं राहायला पाहिजे. आणि माझ्यात आता दुसरा जन्म नाही रे."

त्यांनी चिपळ्यांकडे बघितलं. मग त्या उपरण्याने पुसल्या आणि शरदपुढे धरल्या.

"घे. तू कधीचा उभा आहेस."

तीस वर्षं या क्षणाचं काय करायचं ते शरदला पाठ होतं. तो म्हणाला, "एक मिनिट, फेटा," आणि घरी धावला.

उपरणं घेऊन फेटा बांधायला पंधरा मिनिटं लागली. फेट्यात कसरीने खाल्लेली तीन भोकं होती, तिन्ही नेमकी समोर यायची. तो परत आला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, मंडप भरत होता आणि पहिल्या रांगेला डांबराचा वास येत होता. अण्णा खाली सतरंजीवर बसले होते, लोकांत. त्यांना तिथे बसलेलं कोणीच कधी पाहिलं नव्हतं. येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या पाया पडत होता आणि मग घाबरून विचारत होता, तब्येत बरी आहे ना.

शरदने नमन केलं. आवाज बरा लागला. लोकांनी मान डोलावली. त्याला वाटलं, सुरुवातीलाच झाल्या प्रकारावर दोन शब्द बोलावेत. वेळेचं महत्त्व. प्रत्येक गोष्टीची घटका असते, आणि ती पाळणं हाच धर्म. उदाहरणार्थ, बँकेत आमच्याकडे एक शाखाधिकारी होते. त्यांच्यावरून त्याला दुसरे शाखाधिकारी आठवले. दुसऱ्यांची बदली मिर्झापूरला झाली होती, आणि मिर्झापूरच्या शाखेतल्या घड्याळाची एक गंमत आहे—

कोणीतरी जांभई दिली. शरदची नजर मोबाईल घेऊन बसलेल्या एका माणसाच्या पडद्यावर गेली. अकरा एकतीस. वेळेच्या महत्त्वावर तो वीस मिनिटं बोलला होता आणि दशरथाचं अजून लग्नही झालेलं नव्हतं.

त्याने अण्णांकडे बघितलं. त्यांनी टोकावं असं त्याला फार वाटलं. अण्णा टोकत नव्हते. ते समजूतदारपणे मान हलवत होते, जशी माणसं दुसऱ्याच्या नातवाचं गाणं ऐकताना हलवतात. मग त्याने मागे बघितलं. मुक्ता ना घड्याळाकडे बघत होती ना त्याच्याकडे. ती झरोक्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. आख्यान तिच्या तोंडात केव्हाच सुरू झालं होतं.

शरदने मिर्झापूर तिथेच सोडलं आणि पूर्वरंग संपवला. रिवाजाप्रमाणे इंदू बुक्का आणि हार घेऊन पुढे आली. तिने त्याला बुक्का लावला, हार घातला आणि हळूच विचारलं, "मिर्झापूरच्या घड्याळाचं काय झालं?"

"बंद होतं," शरद म्हणाला. त्याने हार काढला, वळला आणि मुक्ताच्या गळ्यात घातला.

"बाबा, क्या कर रहे हैं आप?"

"उत्तररंग तू."

"मी? लोक काय म्हणतील? और आप?"

"मी बसतो."

"तीस साल, बाबा."

"खिडकी उघडी होती," शरद म्हणाला. "माझं काम त्या खिडकीचं नव्हतं. घे. अठ्ठावीस मिनिटं आहेत." त्याने फेटाही काढला आणि तिच्यापुढे धरला.

मुक्ताने त्याचा वास घेतला. "ये आप ही रखिए," ती म्हणाली, ओढणी कमरेला खोचली आणि चिपळ्या घेतल्या.

शरद खाली येऊन अण्णांशेजारी बसला. अण्णांनी सरकून जागा दिली, त्याने मांडी घातली, आणि दोघांच्याही गुडघ्यांनी आवाज केला.

ती अण्णांसारखी गात नव्हती. अण्णांची अयोध्या सोन्याची असायची, हिची नुसती सकाळची होती: सडा टाकलेली, कोणीतरी दार उघडतंय अशी. पायस वाटताना तिने मध्येच थांबून धाकट्या राणीचा हात दाखवला, वाटी धरलेला, आणि मंडपात खोकणारी माणसंही थांबली. अन्नपूर्णा कोणाच्याच बाजूला न जाता सरळ रडायला लागली.

"तिसऱ्या चरणात घाई करतेय," अण्णा कुजबुजले. "तिथे दम घ्यायचा असतो. सांगून येतो." ते हात टेकून उठायला लागले.

शरदने त्यांच्या उपरण्याचं टोक धरलं. "बसा."

अण्णा बसले. पुढच्या चरणाला मुक्ताने वेगळीच चाल लावली. या घरात पाच पिढ्यांत कोणी लावली नव्हती अशी. शरदला ते सहन झालं नाही. मूळ चाल निदान ऐकवायला तरी हवी होती. तो गुडघ्यावर आला, एवढ्यात त्याच्या खांद्यावरचं उपरणं खाली ओढलं गेलं.

"बस," अण्णा म्हणाले, समोर बघत.

तो बसला. अण्णांनी टोक सोडलं नाही. त्यानेही त्यांचं सोडलं नाही. मंडपात शंख वाजला, फुलं उडाली, सगळे उठून उभे राहिले. वरून हातभर ऊन उतरलं आणि बरोबर पाळण्यावर पडलं. खाली सतरंजीवर दोन म्हातारे एकमेकांची उपरणी घट्ट धरून बसून राहिले, कारण आधी कोणी सोडायचं ते त्यांचं अजून ठरायचं होतं.